डबड्यातला वाघ

सुमतीबाईंनी डोळे मिटले आणि देवीचं गाणं सुरू केलं. मी मधूनमधून गिटारचे चार सूर सोडायचे होते, पहाटे पानावरून दव ओघळावं तसे. ही दवाची उपमा सदामामांची. पहिलं कडवं संपलं, मी तारेला बोट लावलं आणि माझ्या पायाजवळच्या डब्यातून असा आवाज निघाला की दारात झोपलेलं कुत्रं उठून पळालं. चिखलात रुतलेला ट्रॅक्टर बाहेर काढताना जसा बोंबलतो, अगदी तसा.

"दिग्या!" सदामामांनी कीबोर्डवरचा हात उचलला. ऑर्केस्ट्रा त्यांचा, हॉल त्यांचा आणि पळालेलं कुत्रंही त्यांचंच.

"मी काही केलं नाही मामा."

"मग कुणी केलं? माझ्या आज्यानं?"

"डबा आपोआप करतोय."

"आपोआप," सदामामा तबलजीकडे बघत म्हणाले. "ऐकलंस? आपोआप."

सुमतीबाईंनी पाण्याचा घोट घेतला आणि पदर सारखा केला. आकाशवाणीवर गायलेली बाई. तिच्यासमोर माझ्या पायाखालून ट्रॅक्टर जावा, याची मला इतकी लाज वाटली की गिटार तिथंच ठेवून पंचगंगेचा घाट गाठावा असं वाटलं.

माझं नाव दिग्विजय लोहार. नाव आजीनं ठेवलेलं. दाही दिशा राहू देत, उद्यमनगराच्या बाहेर कोल्हापुरात मला कुत्रं ओळखत नव्हतं. आणि जे एक ओळखायचं, ते आता पळून गेलं होतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोम्याचे दोन विषय राहिले होते आणि ते राहणारच होते, कारण मला गिटार वाजवायची होती. मोबाइल खिशात यायच्या आधीचा तो काळ. मुंबईच्या एका वादकानं टाकून दिलेला तो परदेशी डबा मी मोठ्या मिनतवारीनं मिळवला होता. गिटारची वायर आधी डब्यात जायची आणि डब्यातून स्पीकरकडे. डब्यावर पाय ठेवायला एक पट्टी होती. पट्टी दाबली की खालचं बटण दाबलं जायचं आणि गोड आवाज गुरगुरता व्हायचा. पुन्हा दाबली की परत गोड. एवढंच त्याचं काम. पण दसरा झाला आणि डबा स्वतःच्या मनानं काम करू लागला.

दिवाळीच्या पाडव्याला पहाटेचा कार्यक्रम होता. सुमतीबाईंच्या ओळखीचे रेगे म्हणून एक गृहस्थ मुंबईहून खास ऐकायला येणार होते. त्यांचा मोठा वाद्यवृंद होता, गावोगाव, परराज्यात फिरायचा, आणि त्यांना गिटारवाला हवा होता. इकडे आमचे वडील, आण्णा, उद्यमनगरातल्या आपल्या छोट्या कारखान्यात लेथवर धातूचे सुटे भाग कातायचे, आणि त्यांनीही पाडव्याचाच मुहूर्त धरला होता.

"पाडव्यापातूर काय करायचं ते कर," आण्णा जेवताना म्हणाले होते. "पाडव्याला दुसऱ्या लेथवर बसायचं. मी एकटा किती दिस बुश कातू?"

"आणि मला काम मिळालं तर?"

"काम मिळालं तर जा की. मी काय धरून ठेवलंय व्हय? पर काम मिळालं पायजे. टाळ्या न्हवं."

म्हणजे रेग्यांनी मान हलवली तर मुंबई, नाही तर लेथ. आणि मधे हा बिघडलेला डबा.

आण्णांचं आणि माझं भांडण असं कधी झालंच नाही. भांडायला दोघांना एकच गोष्ट महत्त्वाची वाटावी लागते. माझं वाजवणं आण्णांना फारसं दिसतच नव्हतं. एक मात्र मनात रुतून बसलं होतं. आमच्या घरी खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. आण्णा आदल्या दिवशी एकेक हत्यार पुसतात, जिथं हलतं तिथं तेलाचा थेंब सोडतात आणि सकाळी सगळं पाटावर मांडून हळदी-कुंकू, झेंडू, अक्षता वाहतात. मापं घ्यायचा व्हर्नियर, हातोडा, नट फिरवायचे पाने, आईची शिलाईची कात्री, विळीसुद्धा. आदल्या वर्षी मी माझी गिटार आणि डबा त्या रांगेत नेऊन ठेवला. आण्णांनी दोन्ही उचलून शांतपणे बाजूला ठेवले.

"ज्यानं भाकरी मिळती ते हत्यार. हे खेळणं हाय. खेळण्याची पूजा नसती."

रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते अगदी मायेनं म्हणाले, लहान मुलाला चूक समजावून सांगावी तसं. त्यामुळे ते जास्त लागलं. या वर्षी खंडेनवमीला मी उठलोच नाही. रात्री कार्यक्रम होता हे निमित्त. खरं कारण, मला पुन्हा बाजूला ठेवलं जायला नको होतं.

तर डबा. घरी टेबलावर ठेवला की गरीब गाय. पन्नास वेळा पट्टी दाबा, पन्नास वेळा शहाण्यासारखा वागायचा. हॉलमध्ये नेला की दुसऱ्या गाण्याला त्याच्या अंगात यायचं. दवाखान्याची पायरी चढली की पोराचा ताप उतरतो, तसला प्रकार. मी डिप्लोमावाला. राहिलेले दोन विषय मनातल्या मनात सुटले असं धरून शास्त्रशुद्ध शोध सुरू केला. आधी वायर बदलली. मग दुसरी बदलली. मग बॅटरी. मग बॅटरी काढून अ‍ॅडॅप्टर. मग सदामामांच्या हॉलमधल्या प्लगवर संशय घेतला आणि त्यांच्या स्वयंपाकघरातून वायर ओढून आणली, तर मामींचा मिक्सर बंद पडला. मग ड्रमचे हादरे बसतात म्हणून ड्रमवाल्याला भिंतीकडे सरकवला. तो बिचारा पाठमोरा वाजवायला लागला. मग सदामामांच्या कीबोर्डमुळेच होतंय असं मी ठामपणे जाहीर केलं.

"माझ्या कीबोर्डमुळं?" सदामामा म्हणाले. "नाचता येईना, अंगण वाकडं!"

"मामा, विजेच्या लहरी असतात..."

"लहरी तुझ्या असतात. लिंबू-मिरची बांध त्या डबड्याला. नजर लागलीय."

मी तुच्छतेनं हसलो. दुसऱ्या दिवशी लिंबू-मिरची बांधली. त्या दिवशी डबा तीनदा ओरडला.

सगळं तपासून झालं, तपासायचा राहिला तो डबाच. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, दुसरं काय! पण डब्याच्या तळाला एका स्क्रूवर कागदी सील होतं, त्यावर इंग्रजीत दम दिलेला होता, आणि माझी ठाम श्रद्धा होती की परदेशी माल बिघडत नाही, बिघडतं ते त्याच्या भोवतालचं कोल्हापूर. शिवाय त्याला कुणी हात लावलेला नव्हता. घरात तशी माझी सक्त ताकीदच होती. दसऱ्याच्या सुमारास एकदा डब्यावरचं फडकं नीट चौघडी घालून ठेवलेलं दिसलं, एरवी मी ते नुसतं भिरकावतो, तेव्हा आईवर केवढा ओरडलो होतो.

"आरं, मी कशाला हात लावू तुझ्या डबड्याला?" आई म्हणाली होती. "मला काय त्यात भाजी करायचीय?"

पाडवा जवळ आला तसा मी जेवणावरची वासनाच घालवून बसलो. एका संध्याकाळी टेबलाशी बसून पट्टी दाबत होतो, सोडत होतो, दाबत होतो, तर दारात आण्णा. अंगाला कारखान्याचा तेलकट वास. असे ते कधी माझ्या खोलीशी थांबत नसत.

"काय झालंय त्याला?"

"काही नाही. मधेच आवाज करतंय."

"कवापासनं?"

"दसऱ्यापासून."

आण्णांनी तेलकट बोटं विजारीला पुसली. मग म्हणाले, "तेल-बिल घातलं तर चालतंय का रं याला?"

मला हसू आवरेना. "आण्णा, हे इलेक्ट्रॉनिक आहे! तेल घालायला हा काय ऊस पिळायचा चरक आहे? तेल घातलं तर वाटोळंच होईल."

"असं व्हय," आण्णा म्हणाले. अजून काहीतरी बोलणार होते. पण मी पुन्हा पट्टीकडे वळलो होतो. ते पायातली चप्पल न वाजवता निघून गेले.

पाडव्याची पहाट. शाळेचं पटांगण, कडेनं पणत्या, नवे कपडे, उटण्याचा आणि अत्तराचा वास. पुढच्या रांगेत पांढऱ्या झब्ब्यातले रेगे, हाताची घडी घालून. मंच जरा उतरता होता. मी डबा नेहमीप्रमाणे लाकडाच्या पाचरीवर तिरका ठेवला, म्हणजे पायाला सोपं जातं. मनातल्या मनात त्याला नमस्कारही केला. लिंबू-मिरची सदामामांच्या आग्रहानं होतीच.

पहिली तीन गाणी नीट गेली. मला वाटायला लागलं, नजर उतरली. चौथं देवीचं. सुमतीबाईंनी सूर लावला आणि सगळं पटांगण गप्प झालं. पहिलं कडवं संपलं. बाईंनी डोळे मिटून देवीला हाक मारली, आता गिटारचं दव पडायचं होतं, आणि डब्यानं डरकाळी फोडली.

पुढच्या रांगेतल्या एका आजींच्या हातातलं निरांजन हललं. मागं कॉलेजची पोरं बसली होती, त्यांनी शिट्ट्या मारल्या. मी पट्टीवर पाय आपटला, आवाज गोड झाला. दुसऱ्या कडव्यानंतर पुन्हा डरकाळी. सदामामा कीबोर्डवरून माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते ती मी लिहू शकत नाही. मागची पोरं ओरडली, "वन्समोऽर!" मी मान खाली घालून वाजवत राहिलो. मला माझा उरलेला जन्म स्वच्छ दिसत होता. लेथ, बुश, लेथ, बुश.

मध्यंतरात फराळाच्या टेबलाकडे मी गेलोच नाही. मंचामागं डबा घेऊन बसलो. सुमतीबाई चहाचा कप घेऊन तिथं आल्या. मी उभा राहिलो.

"बाई, माफ करा. तुमच्या गाण्याचं..."

"अरे, असू दे," त्या म्हणाल्या. "देवीला हाक मारली, तिचा वाघ आधी आला. तू कप धर, मी बशी आणते."

त्या हसत गेल्या आणि मला रडूच यायला लागलं. ओरडल्या असत्या तर सोसलं असतं. आता जपायचं तरी काय होतं? खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला आणि परदेशी सील टराटरा फाडलं. चार स्क्रू काढले. पायाची पट्टी सुटी केली आणि उचलली.

आधी वास आला. बारीक, ओळखीचा, मशीनच्या तेलाचा वास. पट्टीच्या बिजागरीवर तेलाचा एक नेटका थेंब सोडलेला होता, ओघळ न येता, जिथं हलतं बरोबर तिथं. आणि त्या तेलात लडबडलेला, बटणाच्या शेजारी पडलेला, कुंकवानं लाल झालेला तांदळाचा एक दाणा.

अक्षत.

मी तो दाणा तळहातावर घेतला. डबा टेबलावर सपाट असला की दाणा जागेवर राहायचा. पाचरीवर तिरका केला, ड्रमचा हादरा बसला, की घरंगळत बटण आणि पट्टी यांच्या मधे यायचा. तेवढं मला लगेच कळलं. दुसरं कळायला वेळ लागला. मी उठलो नव्हतो त्या सकाळी आण्णांनी माझ्या खोलीतून डबा उचलून नेला होता. पुसला होता. तेल घातलं होतं. पाटावर, व्हर्नियरच्या आणि हातोड्याच्या रांगेत मांडला होता. कुंकू लावलं होतं, अक्षता टाकल्या होत्या. मग मी ओरडेन म्हणून कुंकवाचा डाग न् डाग पुसून, फडक्याची चौघडी घालून, होता तिथं ठेवून दिला होता. आणि परवा दारात उभं राहून विचारत होते, तेल घातलं तर चालतंय का रं.

मी म्हणालो होतो, वाटोळं होईल.

मला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मध्यंतर संपल्याची घंटा झाली. दाणा शर्टाच्या खिशात टाकला, पट्टी बसवली, तेल पुसलं नाही.

दुसऱ्या भागात मी जसं वाजवलं तसं पुढं कधी वाजवलं नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, तक्रार म्हणून सांगतोय. सुमतीबाईंनी एकदा गाताना मागं वळून बघितलं. सदामामांनी शेवटी माझ्या पाठीवर थाप मारली. डबा एकदाही ओरडला नाही. मी धाडस करून रेग्यांच्या खुर्चीकडे बघितलं. खुर्ची रिकामी होती.

कार्यक्रम संपल्यावर ते फाटकातून आत येताना दिसले. ओठांवर रश्श्याचा तांबडा कट, कपाळावर घाम.

"अहो, कोल्हापुरात आलो आणि मिसळ खाल्ल्याशिवाय कसा जाणार?" ते सदामामांना म्हणाले. "मध्यंतरात गेलो तो तिथंच अडकलो. सगळा दुसरा भाग हुकला माझा."

आयुष्यात एकदाच मी नीट वाजवलं, आणि ते ज्यानं ऐकायचं तो माणूस त्या वेळी रस्सा वाढून घेत होता.

"पण हा मुलगा!" रेगे माझ्याकडे वळले. "देवीच्या गाण्यात एकदम तो गुरगुरता आवाज आणलास. अंगावर काटा आला माझ्या. मुंबईत कुणाची हिंमत होणार नाही. हे सुचलं कसं तुला?"

सदामामांना जोरात ठसका लागला.

"सुचलं म्हणजे..." मी म्हणालो. "घरूनच आलं."

"छान. पुढच्या सोमवारी मुंबईला ये. आणि तो डबा आणायला विसरू नकोस."

मी तसाच गिटार-डबा घेऊन कारखान्यात गेलो. आण्णांनी पाडव्याचा मुहूर्त केला होता, लेथला झेंडूचा हार होता. दुसऱ्या लेथलाही होता आणि त्याच्यापुढं स्टूल पुसून ठेवलं होतं. ते माझ्याकडे न बघता लेथचा चक साफ करत राहिले.

"झाला कार्यक्रम?"

"झाला."

"ते डबडं चाललं?"

"चाललं की."

"मग बिघाड कशाचा हुता?"

खिशात दाणा होता. तो काढून तळहातावर ठेवला असता तर आण्णांनी तो जन्मभर मनात ठेवला असता, माझ्या हातनं पोराचं काम बिघाडलं म्हणून.

"वायर, आण्णा. वायरच सैल होती."

आण्णांनी श्वास सोडला. खांदे एकदम खाली आले. इतके दिवस ते त्या खांद्यांवर काय घेऊन फिरत होते, ते मला तेव्हा दिसलं.

"मुंबईला बोलावलंय," मी म्हणालो. "सोमवारी."

"काम?"

"काम."

आण्णांनी चकवर फडकं फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग स्टूल उचलून भिंतीला लावलं.

"एसटीच्या टपावर टाकू नको," ते म्हणाले. "हत्यार मांडीवर घिऊन बसायचं."

मी हो म्हणालो आणि पटकन बाहेर आलो. पोटभर रडायला उद्यमनगरात आडोसा नाही, सगळीकडं ओळखीचे लोक. त्यामुळे चहा प्यायलो.

मुंबईत पहिल्याच तालमीत रेगे म्हणाले, "तो वाघाचा आवाज काढ." मी काढला. "हा नाही, तो," ते म्हणाले. वर्षभर मी तो आवाज शोधत होतो आणि रेगे मान हलवत होते. पण एव्हाना मला काढून टाकायचं ते विसरून गेले होते.

पुढच्या खंडेनवमीला मी घरी आलो, डबा मांडीवर घेऊन. आईनं दारातच भाकरतुकडा ओवाळला आणि हळूच म्हणाली, "मुंबईत तरी कपडे धुवायला टाकताना खिसं बघतोस का न्हाई? पाडव्याच्या शर्टात अक्षत ठिवून गेलतास, तेलानं डाग पडला. आण्णास्नी दाणा दावला. त्यांनी त्यो उचलून देव्हाऱ्यात ठिवला."

मी आत गेलो. पाट मांडलेला होता. व्हर्नियर, हातोडा, पाने, कात्री, विळी. विळीच्या शेजारी एक जागा मोकळी ठेवलेली. मी तिथं डबा ठेवला. आण्णा आतून आले. हातात कुंकवाची वाटी आणि चिकटपट्टीचं भेंडोळं. माझ्याकडे न बघता ते पाटाशी बसले, एकेक तुकडा दातानं तोडून डब्याच्या पट्टीच्या कडेच्या फटी बंद केल्या, एक, दुसरी, मागची बारीकसुद्धा. मग बोटानं दाबून बघितल्या. तेलाची बुधली त्यांनी आणलीच नव्हती.

त्यांनी हळदी-कुंकू लावलं. झेंडू ठेवला. अक्षतांची चिमूट घेतली, तेव्हा मी खाली बसलो आणि त्या चिकटपट्ट्या एकेक करून सोडवल्या. आण्णांचा हात तसाच वर राहिला.

"आत जातील की रं."

"जाऊ द्या की, आण्णा."